दोन गाड्या आणि बिनगाडीची मी

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री माझा डोळा लागला नाही. मला डोळे नाहीत, हे मान्य. पण या घरातली आई जागी असली की मलाही चैन पडत नाही. आमचा स्वभावच सारखा. ती आतल्या खोलीत कूस बदलत होती आणि मी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, तिघांच्या धुतलेल्या कपड्यांखाली दबून, एकच गोष्ट घोळवत होते. रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. गाड्या दोन. दोन्ही ठेवायच्या की एकच? आणि एक जायची असेल, तर कुणाची?

हो, मीच बोलतेय. वरचा टॉवेल जरा बाजूला केलात तर दिसेन. लहान मुलांना गाडीत बसवायला असते ना, पट्ट्यांची, मानेपाशी उशी लावलेली, ती सीट मी. जन्म गाडीसाठी झाला आणि तीन वर्षं काढली कपड्यांची खुर्ची म्हणून. चिडचिड होणार नाही तर काय होईल?

पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, साच्यातून झाला. माझ्या आधी त्याच साच्यातून निघालेल्या बहिणीला बाजूला काढलं, तिच्यात मुलाच्या मापाची एक बाहुली बसवली आणि तिला रुळावरून जोरात सोडून एका धक्क्यात थांबवलं. बहीण तडकली. बाहुलीचं डोकं मात्र जागेवर राहिलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पाठीवर लेबल चिकटवलं: 'चाचणी उत्तीर्ण.' चाचणी दिली तिनं, लेबल मिळालं मला. तेव्हापासून मला सारखं वाटतं, आपण दुसरीच्या मार्कांवर पास झालोय. खरी वेळ आली तर आपल्याला जमेल का?

माझ्या अंगावर दोन खाचा आहेत, एक निळी, एक लाल. गाडीचा बेल्ट त्यांच्यातून ओवायचा असतो. बाळ लहान असतं, मी गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून असते, तेव्हा निळ्या खाचेतून. मूल मोठं झालं आणि मला पुढे तोंड करून बसवलं, की लाल खाचेतून. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. माझं सगळं दुखणं याच्यातच आहे.

मला या घरी आत्यानं पाठवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाळ पंधरा दिवसांचं होतं, तिचं नाव अजून ठरायचं होतं, पण गोल गरगरीत म्हणून सगळे तिला गोटी म्हणायला लागले होते. ते टिकलं. बाबांनी खोका फोडला तेव्हा आत्या फोनवर होती.

"आधी पुस्तक वाच रे. आत पुस्तक असेल."

"ताई, मी वीस मजल्यांच्या लिफ्टा बसवतो. ही एवढीशी सीट बसवायला पुस्तक?"

"म्हणूनच सांगतेय. तुझ्या लिफ्टमध्ये माणसं उभी असतात. इथे माझी भाची बसणार आहे."

बाबांनी पुस्तक चाळलं. चौसष्ट पानं. मग ते खाली गॅरेजमध्ये गेले आणि हत्यारांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली माझं पुस्तक दुमडून सारलं. "अगदी बेताच्या जाडीचं निघालं," असं वर येऊन कौतुकानं सांगितलं. आई हसली. तेव्हा ती फार झोपाळलेली होती, म्हणून मी तिला माफ करते. पण तीही म्हणालीच, "आपल्याला काय लागतंय पुस्तक!"

आई टायरच्या कंपनीत आहे. टायर तपासणं हे तिचं काम. ओल्या रस्त्यावर शंभरच्या वेगात ब्रेक दाबला तर गाडी किती मीटरांत थांबते, ते ती दशांशात सांगते. गोटी होण्याआधी त्या चाचण्यांची गाडी ती स्वतः चालवायची. गोटी झाल्यावर तिनं अर्ज करून टेबलाचं काम मागून घेतलं. आता चालवतात दुसरे, अहवाल लिहिते ती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. अर्ज दिल्यावर आठवडाभर मात्र ती भाजी चिरता चिरता स्वतःलाच विचारायची, "बरोबर केलं ना मी? की घाबरले?"  मी उत्तर दिलं असतं, पण मलाही माहीत नव्हतं.

आता गाड्यांचं. इमारतीखालच्या गॅरेजमध्ये या घराच्या वाट्याला दोन जागा आणि त्या दोन्ही जागांवर दोन वेगवान गाड्या. करडी आईची. लग्नाआधीची, जुनी, आईनं तिचं इंजिन दोनदा स्वतः उघडून जोडलेलं. नारंगी बाबांची. दिवसभर लिफ्टा वरखाली पाठवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी आडवं आणि जोरात जावंसं वाटतं, त्याला मी काय करणार? दोघांची ओळखच मुळी शर्यतीच्या मैदानावर झाली. बाबा एका वळणावर गाडीसकट दोन गिरक्या घेऊन गवतात जाऊन थांबले, आणि कठड्याशी उभी असलेली आई मोठ्यानं हसली. लग्नाची गोष्ट विचारली की दोघंही एवढंच सांगतात.

पण त्या गाड्या दोन-दोन सीटांच्या. म्हणजे दोन गाड्यांत मिळून सीटा चार, घरात माणसं तीन, आणि तरी तिघांना एकत्र कुठे जाता येत नाही. आत्या हे गणित दर फोनला मांडायची आणि दर फोनला बाबा म्हणायचे, "ताई, आवाज तुटतोय गं तुझा."

मला बसवून बघितलं नाही असं नाही. नारंगीची सीट कढईसारखी खोल, तिच्यात मी तिरकीच होते. करडीत मावले, पण पुढच्या सीटसमोरची एअरबॅग बंद करायची सोय तिच्यात नाही, आणि ती फुगली तर थेट बाळावरच आपटणार. "मग नाही म्हणजे नाही," आई म्हणाली. मला उचलून परत वर आणलं, कोपऱ्यात ठेवलं आणि पहिला पंचा माझ्यावर टाकला. तात्पुरता.

त्या पंच्यामागून हळूहळू सगळ्या घराचे कपडे आले. गोटी चालायला लागली तेव्हा तिला वाटायचं मी कपड्यांचीच आहे. ती ढिगाला माझ्या पट्ट्या लावायची, बक्कल खट्‌कन दाबायची आणि दम द्यायची, "शर्ट, हलू नको. मोजे, खाली बघू नका." मग माझ्यासमोर खाली बसून ताटलीचं चाक फिरवत गाडी चालवायची. तीन वर्षं माझा सगळ्यात लांबचा नियमित प्रवास हाच.

बाहेर जायचं तर टॅक्सी. आई एका हातानं गोटीला, दुसऱ्या हातानं मला धरून खाली उतरायची, आणि मला टॅक्सीत बसवायचा कार्यक्रम सुरू व्हायचा. बेल्ट ओवायचा, माझ्यात गुडघा रोवून सगळं अंग टाकायचं, बेल्ट खेचायचा, मला धरून हलवायचं. बोटभर हलले तरी पुन्हा पहिल्यापासून. टॅक्सीवाले आरशातून बघत राहायचे.

"बाई, तुमची पोरगी शाळेत जाईल तोवर."

"दोन मिनिटं हो."

"मघाशी पण दोनच होती."

आई ओशाळायची, पण गुडघा काढायची नाही. तिच्या या चिकाटीचा मला अभिमान वाटायचा. गोटी दीड वर्षांची झाली तेव्हा मात्र त्या अभिमानाची माती झाली. आईनं मला फिरवून पुढे तोंड करून बसवलं. आणि बेल्ट? बेल्ट सवयीनं निळ्या खाचेतूनच ओवला. गुडघा दिला, खेचला, हलवून बघितलं. मी घट्ट बसल्यासारखी वाटले. पण निळ्या खाचेतला बेल्ट मला खालीच धरून ठेवतो, वरून नाही. जोराचा ब्रेक लागला असता तर मी गोटीसकट पुढे कलंडले असते.

मी ओरडले. कशी ओरडणार? पट्ट्या करकरल्या, झालं. आई म्हणाली, "जुनी झाली वाटतं," आणि पट्ट्यांना पावडर लावली.

दीड वर्ष. प्रत्येक टॅक्सीत, प्रत्येक वळणावर, मी लाल खाचेनं आ वासून बसलेली आणि समोर ती दशांशात मोजणारी बाई, काळजीनं अर्धी झालेली, सतरा वेळा तपासून तीच चूक पक्की करणारी. तिला कुणी निष्काळजी म्हटलं असतं तर मी भांडले असते. काळजी भरपूर होती. बघायचं तेवढं राहिलं.

इकडे वर 'एक की दोन' हा विषय फ्रिजवर चढला होता. खाली तिसरीला जागा नव्हती, म्हणजे मागच्या सीटची गाडी आणायची तर दोघींपैकी एकीला जावं लागणार. एक कागद, मधून रेघ. एका बाजूला 'करडी', दुसऱ्या बाजूला 'नारंगी'. कुणाची ठेवायची त्याची कारणं लिहायची, असं ठरलं. बाबा पेननं लिहायचे, आई पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतं. आणि गंमत बघा, आईनं लिहायचं: 'नारंगी नवी आहे. नारंगीचा आवाज छान.' बाबांनी लिहायचं: 'करडी जास्त विश्वासाची. करडी हिनं घडवलीय.' दोघंही दुसऱ्याच्या गाडीची स्तुती लिहायचे आणि मग तो कागद वाचून रुसायचे.

"तुझी राहू दे. मी आता कुठे चालवते?"

"नको, तुझीच ठेव. उगाच नंतर बोलून दाखवशील."

"मी कधी बोलून दाखवलंय?"

"हे काय चाललंय मग आत्ता?"

मधे एकदा बाबा फोन नाचवत आले. "हे बघ, तिसरा मार्ग! दोन्ही विकू आणि ही घेऊ. दारं चार, मागे सीट, आणि सहाशे घोड्यांची ताकद!"

आईनं बघितलं. "हा तिसरा मार्ग नाही रे. हा तुझा तोच हट्ट आहे, चार दारं लावलेला."

मी कपड्यांखालून ऐकत होते. मला घोडे नको होते. मला फक्त एक मागची सीट हवी होती, रोजची, ओळखीची, जिच्यातून मला कुणी काढणार नाही.

शेवटी त्यांनी काय केलं असेल? दोन शिकलेली माणसं. जाहिरात दिली: 'दोनपैकी एक गाडी विकणे आहे.' कुठली ते लिहिलंच नाही. जी गिऱ्हाइकाला आवडेल ती जाईल, म्हणजे आपल्यावर खापर नको. फोन यायचे. "नक्की कुठली विकायची आहे?" आई म्हणायची, "नारंगी... म्हणजे करडी. तुम्ही बघून ठरवा ना." बरेच जण वेड्याचं घर समजून फोन ठेवायचे. एकानं मात्र ठेवला नाही. तो दातांचा डॉक्टर होता. रविवारी अकराला येतो म्हणाला.

म्हणून त्या शुक्रवारी झोप नाही.

शनिवारी गोटीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. बाबा कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टमधून एका आजोबांना सोडवायला गेले होते. टॅक्सी आली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, डोक्यावर चष्मा, पुढे आरशाला लहान मुलाचा एक बूट लटकवलेला. आईनं नेहमीसारखं मला बसवायला घेतलं. गुडघा, खेच, हलव. बाई मान वळवून बघत होत्या. आता बोलणार, मी मनात म्हटलं, मीटरचं बोलणार.

"ताई, चुकीचं ओवताय तुम्ही."

"अं?"

"पोरगी पुढे तोंड करून बसते ना? मग लालमधून. ही निळी बाळासाठी असते. माझ्या नातवाची अशीच आहे."

आईच्या चेहऱ्यावर आधी थोडा राग आला. "नाही हो, मी गेली तीन वर्षं... मी स्वतः टायरच्या कंपनीत..." आणि ती थांबली. वाकून तिनं माझ्या खाचेशेजारचं चित्र बघितलं. नखाएवढं चित्र, पुढे तोंड केलेल्या मुलाचं, लाल रंगात. तीन वर्षं ते तिथंच होतं. त्यावर पावडर साचली होती.

बाई उतरून मागे आल्या. बेल्ट सोडवला, लाल खाचेतून ओवला, आपला भक्कम गुडघा माझ्यात रोवला आणि खेचला.

मी बसले.

तुम्हाला कसं सांगू? दीड वर्ष चुकीच्या बटणात अडकवलेला शर्ट कुणीतरी नीट लावून द्यावा, तसं. मला वाटलं आता आईला बरं वाटेल. पण ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिली, एक हात गोटीच्या पोटावर ठेवून. उतरून बाईंना पैसे देताना ती एवढंच म्हणाली, "दीड वर्ष हो, दीड वर्ष." बाई म्हणाल्या, "अहो, मी पण दोन वर्षं उलटंच बसवत होते. सून ओरडली तेव्हा कळलं. जा, केक खा."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही खाचा दाखवून सगळं सांगितलं.

"ओल्या रस्त्यावर गाडी किती मीटरांत थांबते ते मला माहीत आहे. सगळ्या कंपनीला मी शिकवते. आणि माझ्या पोरीला..."

"अगं, मी पण तर तशीच बसवत होतो. मी तर लिफ्ट..."

"हसू नकोस."

"मी हसत नाहीये. मला काय करावं ते कळत नाहीये, म्हणून तोंड असं झालंय."

 मग बाबांनी मला उचललं, आईनं गोटीला, आणि सगळे खाली गॅरेजमध्ये. बाबांनी टेबलाखाली हात घालून माझं पुस्तक खेचलं. टेबल कललं. नटांचा डबा, पाने-पक्कड, फुटका कप, सगळं धडाधड खाली आलं आणि दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली पसरलं. गोटी टाळ्या वाजवायला लागली. कुणी आवरलं नाही. दोघं तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि तीन वर्षांनी माझं पुस्तक वाचलं. पान एक्केचाळीसवर दोन चित्रं होती. एकात मूल आरामात बसलेलं. दुसऱ्यात सीट पुढे कलंडलेली, मूल लोंबकळतंय आणि त्यावर मोठी फुली.

आई फुलीवाल्या चित्राकडे बघत राहिली. "हे आपण," ती म्हणाली.

बाबांनी पान उलटायचा प्रयत्न केला. तिनं उलटू दिलं नाही.

"उद्या करडी जाऊ दे. त्याला सांगून टाक, करडीच आहे विकायला."

"तिचा काय संबंध?"

"नको मला ती. बस्स."

मी हतबल झाले. मला गाडी हवी होती, कुणाची शिक्षा नको होती. पण एवढ्या दिवसांत 'लाल' हा एक शब्द मला सांगता आला नव्हता. हे कुठून सांगणार? ते वर गेले, मी पसाऱ्यात तशीच राहिले, पुस्तक माझ्यावर उघडं. एका बाजूला करडी, एका बाजूला नारंगी. तीन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही तिघी इतक्या जवळ होतो आणि मला दोघींचाही राग आला नाही. त्यांनी तरी काय केलं होतं?

रविवारी डॉक्टर आले. उंच, हसरे, हात पुसत बोलायची सवय. दोन्ही गाड्यांच्या इंजिनांत त्यांनी असं डोकावून बघितलं, जणू त्या आ करून बसल्या आहेत. एकीकडे "हं," दुसरीकडे "अरे वा." मग कपाळ चोळत म्हणाले, "खरं सांगू का? एक बघायला आलो होतो. आता वाटतंय, दोन्ही घ्याव्यात."

आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं. दोन्ही जातील, हे फ्रिजवरच्या कागदावर कुठे नव्हतंच.

डॉक्टरांनी घरी फोन लावला. "अगं, ऐक ना. एक घेऊ की दोन?... हॅलो? हॅलो?" मग फोनकडे बघत म्हणाले, "ठेवला तिनं." आणि ओशाळून, "ही करडी जरा चालवून दाखवता का?"

किल्ली आईनं घेतली. करडीचा आवाज चढावावरून वर गेला आणि रस्त्यावर विरला. बाबा माझ्याशेजारी जमिनीवर बसले. गोटी करडीच्या रिकाम्या जागेत नट वेचत होती.

"आई कुठे गेली?"

"शेवटची चक्कर मारायला."

"मग आई नाही येणार?"

"आई येईल गं. गाडी..." बाबा थांबले. त्यांनी माझी लाल खाच बोटानं उगाच घासून घासून साफ केली.

वीस मिनिटांनी आवाज परत आला. करडी आपल्या जागेच्या रेषांमध्ये अशी येऊन थांबली की गोटीनं वेचायचा ठेवलेला एक नटही हलला नाही. डॉक्टर उतरले ते पांढरेफटक.

"मधेच एक सायकलवाला आला," ते म्हणाले. "एकदम आडवा. मी माझ्या बाजूला पाय दाबला, तिथे ब्रेक नाही हे नंतर लक्षात आलं. आणि आम्ही थांबलो. त्याच्या हातभर अलीकडे. मॅडमनी त्याला हात केला आणि विचारलं, लागलं नाही ना?"

आई उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल. ती हसत नव्हती, पण किल्ली तिनं बोटावर गरकन फिरवून मुठीत धरली. असे हात मी तिचे कधी बघितले नव्हते. मला बसवताना तेच हात पुन्हा पुन्हा चाचपत राहायचे.

"डॉक्टर, माफ करा. ही विकायची नाही."

"काल तर तू..." बाबा उठले.

"काल मी स्वतःला शिक्षा करत होते. चूक खाचेची होती रे, गाडीची नाही. मी पुस्तक वाचलं नाही, ते मी वाचीन. पण चालवणं सोडून मी काही जास्त चांगली आई होत नाहीये. नुसती जास्त घाबरट होतेय."

"बरं. मग दोन्ही राहू देत."

"नाही. दोन नाही. गोटीला मागची सीट हवी आहे, तिची, रोजची." आई नारंगीकडे वळली. "मी कागदावर महिनाभर खोटं लिहीत होते. आता खरं विचारते. नारंगी जाऊ दे?"

डॉक्टर म्हणाले, "मी जरा वर हवेवर थांबतो." कुणी थांबा म्हटलं नाही, तरी ते तिथेच थांबले.

बाबा नारंगीभोवती एक चक्कर फिरले. मग दुसरी. टायरला लाथ मारली, हळूच.

"एवढं विचारायला तुला महिना लागला?"

"तू नाही म्हणाला असतास."

"नाहीच म्हणालो असतो."

"आणि आता?"

"आता पण मला नाहीच म्हणायचंय!" ते खेकसले. गोटी दचकली, तिच्या मुठीतले नट सांडले. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्यावर उघड्या पडलेल्या पान एक्केचाळीसकडे. खिशातून किल्ली काढली. "डॉक्टर, धरा ही. माझा विचार बदलायच्या आत."

नारंगी गेली. तिच्या जागी पंधरा दिवसांनी एक पांढरी, चार दारांची, आधी कुणाची तरी असलेली गाडी आली. तिला वेग म्हणावा असा नाही. चढावावर ती विचार करते. बाबा रोज एकदा तरी म्हणतात, "नारंगी असती तर..." आणि आई म्हणते, "मी विचारलं होतं तुला." आणि बाबा म्हणतात, "म्हणून तर चिडता येत नाही नीट!" हे पुढची काही वर्षं चालणार, असं दिसतंय. आत्याला मात्र आता फोनवर गणित मांडता येत नाही, तर ती म्हणते, "पांढरी कशाला घेतली? मळेल."

माझं पुस्तक आता पांढरीच्या पुढच्या कप्प्यात असतं. टेबलाच्या आखूड पायाखाली फरशीचा तुकडा आहे. जाडी बेताची नाही, टेबल हलतं. हलू दे.

माझ्या पाठीवर, लेबलाखाली, एक तारीख कोरलेली आहे. त्यानंतर मला वापरायचं नाही. माणसांना आपली अशी तारीख दिसत नाही, मला दिसते. अजून तीन वर्षं आहेत. त्या आधीच गोटी माझ्यात मावेनाशी होईल. तेवढ्यात माझी परीक्षा येऊ नये, बहिणीच्या मार्कांवर पास झालेली मी तशीच न तपासलेली जावी, एवढंच मागणं. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर आज खाली जा आणि तिच्या खाचा बघा. कृपा करून. आमच्यातली कुणी ओरडली तरी तुम्हाला करकरच ऐकू येते.

काल आम्ही सगळे पहिल्यांदा एकत्र निघालो, आत्याकडे. बाबांनी बेल्ट ओवला, लाल खाचेतून. आईनं शेजारी उभं राहून पुस्तकातलं मोठ्यानं वाचलं, मग तरी गुडघा दिलाच. मी हलले नाही. गोटीला बसवलं, बक्कल खट्‌कन लागलं. आई स्टिअरिंगवर बसली, बाबा शेजारी. आईनं आरशातून मागे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"गोटी, बघ! आपण तिघं एका गाडीत. कसं वाटतंय गं?"

गोटीनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम काळजीत पडला, थेट आईसारखा.

"पण आई," ती म्हणाली, "आता कपडे कुठे बसणार?"